ओठांवरील अतिक्रमण

रत्नागिरी, ५ जुलै १९९८

सौभाग्यवती मालिनी, हल्ली मुक्काम बंधू उन्मेष यांचे घरी, पुणे, हिच्या अवलोकनार्थ सादर.

तुझे पोस्टकार्ड काल हस्तगत झाले. 'पोचलो. सावनीला यंत्र बसवले. शाळा सोमवारपासून. आप्पांची गोळी वेळेवर द्या.' एकूण शब्द दहा. पोस्ट खात्याने एवढी प्रशस्त जागा दिलेली असताना तू तिला कडकडीत उपवास घडवलास. मी ते कार्ड तीनदा वाचले, एकदा उजेडासमोर धरूनही पाहिले. माझा उल्लेख कुठेही नाही. शेवटच्या 'द्या'मध्ये मी कर्ता म्हणून अध्याहृत आहे, एवढ्यावर समाधान मानून हे उत्तर लिहीत आहे.

येथील सर्व क्षेम. आप्पांना रक्तदाबाची गोळी सकाळी साडेआठ वाजता दिली जाते. ते ती जिभेखाली दडवतात आणि मी पाठ फिरवली की तुळशीच्या कुंडीत टाकतात. तुळशीचा रक्तदाब उत्तम आहे.

माझी सेवाही यथापूर्व. बावीस वर्षे मी या बसस्थानकाचा वाहतूक नियंत्रक आहे आणि ज्यांना कुठेही जायचे नसते असेही काही सज्जन केवळ माझ्या उद्घोषणा ऐकण्यासाठी बाकांवर येऊन बसतात. हे तुला ज्ञात आहेच, कारण मीच ते तुला अनेकवार सांगितले आहे. अन्यत्र 'हेदवी गाडी लागली' एवढे म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे 'दशभुज गजाननाच्या हेदवी ग्रामी प्रस्थान करू इच्छिणाऱ्या समस्त भाविक प्रवाशांनी फलाट क्रमांक तीनकडे मार्गस्थ व्हावे' अशी घोषणा होते. तेवढ्यात गाडी सुटून जाते, असे काशीराम कंडक्टर म्हणतो. तो अरसिक आहे.

तुमची पुण्याची गाडीही त्या दिवशी मीच पुकारली. नंतर खिडकीशी आलो आणि प्रसंगास उचित असे काही बोलावे म्हणून 'शुभास्ते पन्थानः' इथवर आलो, तोच तू म्हणालीस, "तुमचं बोलणं ऐकून माझे कान किटले हो. हिचे तरी वाचले."

चौदा वर्षांच्या संसारातला तो तुझा पहिला विनोद. मला हसता आले नाही. गाडी सव्वासात वाजता सुटली, अशी नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी मे महिन्यात लिहून दिले की सावनीला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. "चार वर्षांची होत आली मुलगी. आधी का नाही आणलंत? दीड-दोन वर्षं फुकट गेली," असे त्यांनी विचारले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस. मी भिंतीवरील मानवी कर्णाच्या आकृतीकडे पाहिले. आकृती फार सुबक होती. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

सावनीस अनेक उत्तम आशीर्वाद. ते तिला कसे कळवायचे हे तिच्या शाळेतील बाई सांगतीलच.

कळविण्याजोगे एवढेच. न कळविण्याजोगे पुष्कळ आहे.

श्रीपती


रत्नागिरी, ३ सप्टेंबर १९९८

सौभाग्यवती मालिनी हिच्या सेवेशी,

पाच दिवसांच्या वास्तव्यानंतर गणराय गेले आणि सहाव्या दिवशी तुम्ही दोघी. त्यांचे पुनरागमन निश्चित असते. तुमच्याविषयी तू जाताना जे म्हणालीस, त्यावर मी गेले चार दिवस चिंतन करीत आहे. म्हणून प्रथम त्या दुपारचा वृत्तान्त लिहून काढतो. इतिवृत्त लिहिले की घटना आपल्या ताब्यात आल्यासारखी वाटते. हा आमच्या खात्याचा जुना भ्रम आहे.

स्थळ, आपली ओटी. सावनीच्या छातीवर कापडी पिशवीत ते यंत्र, त्याच्या दोन तारा दोन्ही कानांत. आप्पा झोपाळ्यावर. तू मला तिच्यासमोर पाटावर बसवलेस आणि शाळेच्या बाईंची आचारसंहिता सांगितलीस.

"तोंड उजेडाकडे करा. ओरडू नका. हातवारे करायचे नाहीत. छोटं वाक्य बोला, पण पूर्ण बोला."

मी कंठ साफ करून म्हणालो, "वत्से, प्रवासाच्या शिणाने तुझे मुखकमल अंमळ—"

"तीन शब्द!" तू म्हणालीस. "तीन शब्दांत बोला हो. ती ओठ बघून शिकतेय."

"तीन शब्दांत तर मी कधी शिंकलोही नाही."

तुला हसू आले नाही. सावनी माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती, जसा प्रवासी रद्द झालेल्या गाडीच्या पाटीकडे पाहतो. मग तिने आपले बोट आपल्याच वरच्या ओठावर ठेवले, नाकाखालून गालापर्यंत ओढले, टोकाला जरासा पीळ दिला. दोनदा. आणि माझ्याकडे पाहून थांबली.

तू तत्काळ तिचा हात खाली घेतलास. "खुणा नाहीत, सावनी. बोलायचं." आणि मला म्हणालीस, "तिला तुमचे ओठ दिसत नाहीत. सगळं त्या झुडपाखाली. मिशी काढा."

म्हणजे कुटुंबातील सर्वांत कनिष्ठ सदस्येनेही माझ्या मिशीविरुद्ध मत नोंदवले होते. गेली बावीस वर्षे जी आगारभर आदरास पात्र ठरली, तिला माझ्या कन्येने ओठांवरील अतिक्रमण ठरवावे, याचे मला दुःख झाले, पण निकाल एकमुखी होता.

एकमुखी नव्हता. झोपाळ्याची कडी करकरली.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "मी अजून आहे हो."

"आहात ना, आप्पा. मी कुठे नाही म्हणाले?"

"बाप जिवंत असता आमच्यात मिशी उतरवीत नाहीत. बाप गेला की उतरवतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मला हे अभद्र बघायला लावू नका."

"बाप जिवंत आहे म्हणूनच काढायची, आप्पा," तू म्हणालीस. "तिचा. तो जिवंत आहे, हे तिलाही कळू दे."

आप्पा उठून आत गेले. मी पाट उचलून भिंतीशी उभा केला. त्या वाक्याचे उत्तर तीन शब्दांत मावले नसते.

जाताना तू जे म्हणालीस ते असे, "दिवाळीनंतर शाळेत वडिलांचा वर्ग आहे, पंधरा दिवस. तो तुम्ही केला नाहीत तर मी तिला या घरात आणणार नाही. इथे येऊन शिकलेलं विसरायला ती काही सुटीवर येत नाही."

मी येईन. मिशीच्या बाबतीत मात्र मध्यममार्ग सुचवितो. कात्रीने किनार कमी करून ओठाची खालची कड प्रवाशांसाठी खुली करता येईल. विचार व्हावा.

श्रीपती


रत्नागिरी, ८ नोव्हेंबर १९९८

सौभाग्यवती मालिनी,

तुझे कार्ड मिळाले. 'वाट पाहिली. पुढचा वर्ग मार्चमध्ये. बाकीच्या खुणा सोडल्या, एक सोडत नाही. बाई रागावतात.'

मी न येण्याची कारणे पुढीलप्रमाणे. दिवाळीची जादा वाहतूक. रेल्वे सुरू झाल्यापासून आमच्या प्रत्येक प्रवाशाला जावयासारखे सांभाळावे लागते. तस्मात् रजा नामंजूर. शिवाय आप्पांचा गुडघा. कारणे सबळ आहेत. मी ती दोनदा तपासली.

ती न सोडलेली खूण कोणती, हे तू लिहिले नाहीस. माझा तर्क बिस्किटाचा आहे. तसे असल्यास बाईंना सांग, आमच्या घराण्यात भूक ही चिकाटीची बाब आहे.

आता एक शोध निवेदन करतो. गेल्या गुरुवारी माझी साप्ताहिक सुटी होती. घर रिकामे असल्यामुळे सुटी कुठे घालवावी हे मला सुचत नाही. आप्पा दुपारी निजतात. म्हणून स्थानकावरच गेलो आणि फलाट तीनसमोरच्या बाकावर बसलो. तोच बाक. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर मी सावनीला जिथे बसवले होते, तो.

तुला आठवत असेल. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. मोरीत पितळी घागर पडली आणि तिने मान वळवली नाही, म्हणून तू घाबरलीस. मिरजेला नेऊ म्हणालीस. मी म्हणालो, आप्पासुद्धा चौथ्या वर्षी बोलू लागले आणि अद्याप थांबलेले नाहीत. तरी तुझे समाधान होईना, म्हणून मी स्वतःच परीक्षा घेतो म्हणालो. जिल्ह्यात माझ्या ध्वनिक्षेपकापेक्षा मोठा आवाज कोणाचा? तिला त्या बाकावर काशीरामच्या शेजारी बसवले, आत जाऊन बटण दाबले आणि 'हेदवी ग्रामी' असे पूर्ण स्वरात पुकारले. तिने मान वर केली आणि खळखळून हसली. काशीरामने पाहिले, ड्रायव्हरांनी पाहिले, मी काचेतून पाहिले. मी पेढे वाटले. घरी येऊन तुला सांगितले, कान खणखणीत आहेत, मिरज रद्द.

तर गुरुवारी मी त्याच बाकावर बसलो होतो. माझ्या जागी आलेला कनिष्ठ नियंत्रक बोलण्यापूर्वी बटण दाबता झाला. कर्ण्यातून खरखर निघाली. शब्द अजून निघायचा होता. तेवढ्यात वरच्या पत्र्यांच्या आडव्या पट्ट्यांवर बसलेली पन्नास-साठ कबुतरे एकदम उडाली. मी मान वर केली. त्यांतले एक वळताना दुसऱ्यावर आपटले आणि मला हसू फुटले.

मान वर. मग हसू. जसेच्या तसे.

ती कबुतरांना हसली होती, मालिनी.

हा प्रमाद अज्ञानजन्य होता, ही बाब निकाल देताना ध्यानी घ्यावी. बाक अजून तिथेच आहे. कबुतरेही.

श्रीपती


रत्नागिरी, १७ जानेवारी १९९९

मालिनी,

दोन महिने तुझे कार्ड नाही. तिळगूळ पाठवला होता, त्याचीही पोच नाही. प्रत्येक गाडीबरोबर येणारी टपालाची पिशवी मी उतरवून घेतो. ती माझी जबाबदारी नाही.

मागील पत्रात दोन असत्ये होती. ती दुरुस्त करतो.

पहिले. रजा नामंजूर झाली नव्हती. मी अर्जच केला नाही. भरलेला अर्ज खणात आहे, तारखेची जागा तेवढी कोरी. आप्पांचा गुडघा ठीक आहे. वर्गात मला तिच्यासमोर बसवतील, मी बोलेन, ती पाहत राहील आणि माझे काहीही तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे दहा परक्या माणसांसमोर होईल, याची मला भीती वाटली. आप्पांच्या मिशीच्या शास्त्रामागे मी लपलो. तेवढे शास्त्र मी एरवी कधी पाळलेले नाही.

दुसरे असत्य मोठे आहे. ते मी चार वेळा लिहून फाडले. पहिल्या खेपेस त्यात संस्कृत होते.

पेढे वाटल्यानंतर आठ दिवसांनी मी तिला पुन्हा स्थानकावर आणले. तू मनातून अजून घाबरलेली होतीस आणि मला आणखी एकदा जिंकायचे होते. त्या दिवशी पत्र्यांची डागडुजी चालू होती. माणसे शिड्या लावून वर हातोडे मारत होती आणि एकही कबूतर नव्हते. हे मला तेव्हा उमगले नव्हते, आता उमगते. तिला त्याच बाकावर बसवले. वापरलेल्या तिकिटांची चळत तिच्या हातात होती. ती एकेक तिकीट बाकाच्या फटीत घालत होती. मी आत जाऊन पुकारले. ती तिकीट घालत राहिली. मी पुन्हा पुकारले. चार वेळा. चौथ्यांदा फक्त तिचे नाव. 'सावनी' एवढेच. सगळे स्थानक वळून पाहू लागले. ती पाठमोरी बसली होती. ती तिकीट घालत होती.

काशीराम आत आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, रागवू नका. पोरीला ऐकू येत नाय वाटतं."

मी त्याला म्हणालो, तुझ्या गाडीची वेळ झाली.

त्या संध्याकाळी घरी तू विचारलेस, "आज बघितलंत?" मी म्हणालो, "आजही मान वळवली."

मला माहीत होते, मालिनी. त्या दिवसापासून माहीत होते. मला वाटले, आज नको सांगायला. दुसऱ्या दिवशीही वाटले, आज नको. असे दीड वर्ष. मिरजेच्या डॉक्टरांनी 'आधी का नाही आणलंत' विचारले, तेव्हा त्यांच्या खोलीत उत्तर ठाऊक असलेला मी एकटा होतो.

कारण विचारशील. मला ना घर शाकारता येते, ना पोहता, ना तिची वेणी घालता. मला बोलता येते. मुलगी झाली तेव्हा मी ठरवले होते की हिला हे देईन. श्लोक, आर्या, थट्टा, रात्री गोष्टी. गाण्यातल्या रागाचे नाव ठेवले. माझ्यापाशी जे एकच होते ते तिला घेता येणार नाही, हे मला मान्य करवेना. म्हणून मी तिची दीड वर्षे वाया घालवली. शिकायची ती वर्षे होती, असे आता सगळे सांगतात.

यावर तू काय करावेस हे मी सुचवीत नाही.

श्रीपती


रत्नागिरी, २८ फेब्रुवारी १९९९

सौभाग्यवती मालिनी हिच्या सेवेशी सविनय,

सहा आठवड्यांनी कार्ड आले. '८ मार्च, सोमवार, सकाळी दहा. वडिलांनी तीन शब्दांचं एक वाक्य तयार करून आणायचं.' माझ्या पत्राविषयी त्यात एक अक्षर नाही. मी ते अक्षर शोधणे आता सोडले आहे. वेळ आणि तारीख दिलीस, म्हणजे गाडी रद्द नाही.

कार्ड मी आप्पांना वाचून दाखवले. त्यांनी पत्राचेही विचारले, म्हणून तेही सांगितले. सगळे. त्यांनी कडी धरून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "धाकूला बोलाव."

"कशाला?"

"मिशी उतरवायला. कशाला म्हणजे काय?"

"आप्पा, तुम्हीच म्हणालात, बाप जिवंत असता—"

"मी गेल्यावर तू कसा दिसशील, ते मला कधी दिसायचं रे? बघू तरी. असा योग कुणाला येतो?"

धाकू न्हावी पेटी घेऊन आला आणि ओटीवर हात जोडून उभा राहिला. "दादा, मी नाय वो हे करनार. आप्पा समोर बसलेत आनि मी त्यांच्या लेकाची मिशी उतरवू? लोक मला काय म्हनतील?"

"तू कर," आप्पा म्हणाले. "मी मेलोय असं समज. मी हलत नाही."

ते खरोखरच हलले नाहीत. काम झाल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला कोणी असे पाहिलेले नव्हते. म्हणाले, "अगदी तुझ्या आईवर गेलायस. मिशीखाली लपवून ठेवली होतीस की तिला." आणि आत जाऊन, कोणी न सांगता, गोळी पाण्याबरोबर गिळली. मी पाहिले.

पुढील हाहाकाराची कल्पना आम्हा दोघांनाही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नियंत्रण कक्षात पाऊल ठेवले आणि रेडिओ बंद झाला. ड्रायव्हर उठून उभे राहिले. काशीरामने माझे दोन्ही हात धरले.

"सायेब, आप्पा कदी गेले वो? कळवलंत पन नाय."

"आप्पा घरी आहेत. आंबोळी खात आहेत."

"व्हय, व्हय," तो माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "असा होतो पयल्या दिवशी."

मी खुलासा करीपर्यंत हेदवी गाडीची वेळ झाली आणि ती, प्रथमच माझ्या उद्घोषणेविना, वेळेवर सुटली. काशीरामने प्रत्येक थांब्यावर वार्ता पोचवली. तिसऱ्या दिवशी सकाळी हेदवीहून माझा चुलतभाऊ चार माणसांसह ओटीवर हजर. डोक्यावर पंचा, हातात पिठलं-भाताचा डबा, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आप्पा आतून काठी टेकत आले.

"कोण गेलं रे?"

चुलतभावाने मान खाली घातली. "तुम्ही, काका."

"अस्सं. कशाने?"

चुलतभावाने डबा खाली ठेवला. "बरं, आणलंयत ते वाढा आता," आप्पा म्हणाले आणि स्वतःच्या सुतकाचा पिठलं-भात दोनदा मागून जेवले.

आता वाक्य. पहिला मसुदा 'अहं तव जनकः' असा होता. शब्द तीनच आहेत, तरी तो मी स्वतःच फेटाळला. दुसरा मसुदा आरशासमोर रोज शंभरदा म्हणतो आहे. आप्पा समोर बसून परीक्षा घेतात. "पहिला शब्द गिळलास," म्हणतात. "पुन्हा."

मी येत आहे.

श्रीपती


पुणे, ८ मार्च १९९९

मालिनी,

तू पंधरा पावलांवर आहेस, शेजारच्या खोलीत, आयांच्या वर्गात. दार बंद आहे. तरी लिहितो, कारण अकरा वाजता तू बाहेर येशील तेव्हा मला हे तोंडाने सांगता येणार नाही. शाळेच्या फॉर्मच्या मागच्या बाजूवर लिहितो आहे.

काल संध्याकाळी सावर्ड्याला गाडी चहाला थांबली, तिथेही मी वाक्य म्हणत होतो. चहावाल्याने विचारले, "कोनाला सांगताय?" मी म्हणालो, मुलीला. तो म्हणाला, "मंग तिला ठावं नसेल काय?" मला फार हसू आले.

सकाळी फाटकात तू मला ओळखलेस. खूप वेळ पाहिलेस. तुला वाटले असेल आता मी काहीतरी बोलणार. तू म्हणालीस, "तुमचा ओठ थरथरतो. मला माहीतच नव्हतं." आणि घंटा झाली. चौदा वर्षे मलाही माहीत नव्हते.

मग बाईंनी मला सावनीच्या खोलीत नेले. ती लहान खुर्चीवर बसून लाकडी मणी रंगांप्रमाणे लावत होती. उंच झाली आहे. बाई म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही तिला. तुम्हीच बसा, तुम्हीच बोला."

मी जमिनीवर बसलो. खिडकीचा उजेड तोंडावर घेतला. तिने माझ्याकडे पाहिले. परका माणूस जवळ बसला की मुली पाहतात, तसे. मणी आपल्याकडे ओढून घेतले.

मी म्हणालो, "मी बाबा आहे."

आवाज स्थानकाएवढा निघाला. बाईंनी हाताने खाली, खाली अशी खूण केली. त्यांनाच खुणा चालतात.

पुन्हा म्हणालो. ती मणी लावत राहिली. मला ती तिकिटे आठवली. चौथ्यांदा मी थांबलो. घाम पुसला. पाचव्यांदा आवाज काढलाच नाही, फक्त ओठ हलवले. मी बाबा आहे.

तिने मान वर केली. कबुतरे नव्हती. मी खिडकीबाहेर पाहून खात्री केली.

ती माझ्या ओठांकडे पाहू लागली. तिचे ओठ हलले. एकदा मिटले, उघडले, मिटले, उघडले. त्यातून जो आवाज निघाला तो 'बाबा'पेक्षा पुष्कळ वेगळा होता. बाईंनी माझा खांदा दाबला. "वाचलं. वाचलं तिने तुमच्या ओठांवरून."

तिचा चेहरा सगळा उजळला. ती उठली. तिने बोट वरच्या ओठावर ठेवले, नाकाखालून गालापर्यंत ओढले, टोकाला पीळ दिला. दोनदा. आणि मला ओलांडून दाराकडे धावली.

बाई हसत म्हणाल्या, "ही एक खूण काही केल्या सुटत नाही हो तिची. आठ महिने प्रयत्न करतोय. मिशी म्हणजे बाबा."

गणपतीत आपल्या ओटीवर ती मला हाक मारत होती, मालिनी. माझ्यासमोर उभी राहून, दोनदा. तू हात खाली घेतलास, कारण तसा नियम होता. आणि मी समजलो की पोरीने मत नोंदवले. तेव्हा तुला कळले असेल. मला सांगितले नाहीस. बरोबर केलेस. मला सांगितले असते तर मी त्यावर काहीतरी बोललो असतो.

मी तिच्या मागे गेलो आणि तिच्या समोर गुडघ्यांवर बसलो. बोट माझ्या ओठावर ठेवून ओढून दाखवले, पीळ दिला. तिथे काहीच नाही. तिने एकदा पाहिले, मनोमन काही पडताळले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागली. बाबा म्हणाला हा माणूस. म्हणजे बाबा आले असणार. तिला कळले आहे, सगळे बरोबर कळले आहे. ती जिन्याकडे पाहते, मग फाटकाकडे, मग पुन्हा जिन्याकडे.

बाई म्हणतात, राहू दे, उद्या पुन्हा म्हणा, परवा पुन्हा म्हणा. मिशी वाढायला किती दिवस लागतात हे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "वाढवू नका." त्यांचेही बरोबर आहे.

बावीस वर्षे मी लोकांना गाडी येईल असे सांगत आलो. येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून उभे राहिलेले माणूस मला पाठीवरून ओळखता येते. ती तशीच उभी आहे, एक हात चौकटीवर, एक बोट ओठावर. मी हे भिंतीला टेकून, तिच्या मागे उभ्याने लिहितो आहे. तिला हात लावत नाही. परक्या माणसाने लावू नये.

तू बाहेर येशील तेव्हा आम्ही दोघे दारातच असू, माझी वाट पाहत.

श्रीपती